कमाई दीडपट, संपत्ती सहापट: अमेरिकेतली वर्णाची दरी

अमेरिकेच्या जनगणना विभागाने 2022 सालासाठी दिलेला आकडा असा: गोऱ्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 81,060 डॉलर, कृष्णवर्णीय कुटुंबाचं 52,860 डॉलर. साधारण दीडपट. त्याच वर्षी फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, कुटुंबांच्या संपत्तीची पाहणी केली. तिच्यात गोऱ्या कुटुंबाची संपत्ती निघाली सुमारे 2 लाख 85 हजार डॉलर आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे 45 हजार. सहापटीहून जास्त.

हे सगळे आकडे मध्यकाचे आहेत. सगळ्या कुटुंबांना गरिबापासून श्रीमंतापर्यंत एका रांगेत उभं केलं, तर बरोबर मधोमध जे कुटुंब येईल त्याचा हा आकडा. सरासरी काढली तर मोजक्या अब्जाधीशांमुळे आकडा फुगतो. गोऱ्या कुटुंबांची सरासरी संपत्ती साडेतेरा लाख डॉलरच्या वर जाते, पण रांगेतल्या मधल्या कुटुंबाकडे त्याच्या पाव हिस्साही नसतो. म्हणून सामान्य माणसाची स्थिती कळायला मध्यकच बरा.

प्रश्न असा, की कमाईत दीडपट फरक असेल तर संपत्तीत सहापट कसा? कृष्णवर्णीय माणसं उधळी आहेत, त्यांना बचतीची सवय नाही, असं उत्तर अमेरिकेत कित्येक जण देतात, आणि आपल्याकडेही ते सहज ऐकू येतं. ते चुकीचं आहे, आणि का चुकीचं आहे हे समजायला आधी उत्पन्न आणि संपत्ती यांतला फरक नीट पाहायला हवा.

उत्पन्न म्हणजे वर्षभरात घरात आलेला पैसा: पगार, धंद्याचा नफा, पेन्शन. संपत्ती म्हणजे आजच्या घडीला कुटुंबाच्या नावावर जे जे आहे (घर, जमीन, बँकेतली ठेव, शेअर, निवृत्तीचा फंड) त्यातून सगळी कर्जं वजा करून उरलेली रक्कम. उत्पन्न एका वर्षाचं असतं. संपत्तीत मात्र आजोबांनी घेतलेला प्लॉट असतो, वडिलांनी फेडलेलं गृहकर्ज असतं, आणि त्या प्लॉटची किंमत पन्नास वर्षांत किती वाढली तेही असतं. आज दोघांना सारखा पगार मिळू लागला, तरी हा मागचा भाग सारखा होत नाही.

आणि संकटाच्या वेळी हा मागचा भागच उपयोगी पडतो. नोकरी सुटली तर सहा महिने तग धरता येतो. मुलीच्या कॉलेजची फी कर्ज न काढता भरता येते. पहिल्या घराच्या डाउन पेमेंटला वडील हातभार लावतात. ज्याच्यामागे हे काही नाही, त्याला तेच शिक्षण, तेच घर जास्त कर्जाने घ्यावं लागतं. फेडरल रिझर्व्हच्याच 2019 च्या पाहणीत शंभरातल्या सुमारे तीस गोऱ्या कुटुंबांनी वारसाहक्काने काहीतरी मिळाल्याचं सांगितलं, तर कृष्णवर्णीयांत हे प्रमाण शंभरात दहा होतं.

आता मागे जाऊ. 1860 च्या सुमारास अमेरिकेत जवळपास चाळीस लाख कृष्णवर्णीय माणसं गुलाम होती. त्यांच्याकडे संपत्ती नव्हती हे तर झालंच, पण ती स्वतःच दुसऱ्याच्या संपत्तीत मोजली जात. 1862 मध्ये वॉशिंग्टन शहरातली गुलामगिरी कायद्याने संपवली, तेव्हा सरकारने नुकसानभरपाई दिली, माणशी 300 डॉलरपर्यंत. ती मिळाली मालकांना. ज्यांनी आयुष्यभर फुकट राबून दिलं त्यांना मजुरीची पै मिळाली नाही. देश सोडून जायची तयारी असेल तर तेवढी थोडी रक्कम देऊ केली होती. मला या सगळ्या इतिहासात हा तपशील सर्वांत जास्त बोचतो. भरपाईची कल्पना त्या काळी अशक्य वाटत होती असं नाही. ती कोणाला द्यायची, एवढंच ठरवलं गेलं.

जानेवारी 1865 मध्ये, यादवी युद्धाच्या अखेरीस, उत्तरेच्या सैन्याचे जनरल शर्मन यांनी दक्षिणेच्या किनाऱ्यालगतची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत वाटायचा हुकूम काढला. सुमारे चाळीस हजार माणसं तिथे जाऊन कसू लागली. त्याच वर्षी लिंकन यांची हत्या झाली, अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी ती जमीन जुन्या मालकांना परत करायला लावली. दुसरीकडे 1862 च्या होमस्टेड कायद्याने पश्चिमेकडची 160 एकरांपर्यंतची सरकारी जमीन जवळजवळ फुकट मिळत होती. पुढच्या काही दशकांत अशी 27 कोटी एकर जमीन लोकांच्या नावावर झाली, त्यातली बहुतांश गोऱ्यांच्या. ती जमीन मूळच्या आदिवासी टोळ्यांकडून काढून घेतलेली होती, ही गोष्टही इथे विसरून चालणार नाही.

बचतीच्या सवयीचं म्हणाल तर फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेची हकिगत पाहा. 1865 मध्ये संसदेच्या सनदेने ही बँक मुक्त झालेल्या लोकांसाठी स्थापन झाली. ज्यांच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा मजुरीचे पैसे येत होते, ती माणसं ते पैसे तिथे नेऊन ठेवत. वरच्या गोऱ्या विश्वस्तांनी त्या ठेवी सट्टेबाज कर्जांत घातल्या. 1874 मध्ये बँक बुडाली, साठ हजारांहून जास्त ठेवीदारांचे जवळपास तीस लाख डॉलर अडकले. अनेकांना एक छदामही परत मिळाला नाही.

प्रिन्स्टन विद्यापीठातल्या एलोरा डेरेनॉनकूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या जनगणनांपासून आजपर्यंतची आकडेवारी जोडून दीडशे वर्षांची एक मालिका तयार केली आहे. 1860 मध्ये एका गोऱ्या माणसामागे जेवढी संपत्ती होती, ती एका कृष्णवर्णीय माणसाच्या जवळपास साठपट. 1920 पर्यंत हे प्रमाण दहापटीवर आलं. 1950 च्या सुमारास सातपट. 1980 च्या दशकात पाचपट. आणि आज पुन्हा सहाच्या आसपास.

या मालिकेतल्या पहिल्या साठ वर्षांकडे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. साठपटीवरून दहापटीवर! झुंडींनी केलेल्या हत्या, मतदानाचा हक्क काढून घेणं, शाळांना पैसे न देणं, हे सगळं चालू असताना या लोकांनी जमिनी घेतल्या, दुकानं टाकली, विमा कंपन्या काढल्या. 1910 च्या सुमारास कृष्णवर्णीयांच्या मालकीची शेतजमीन दीड कोटी एकरांच्या वर होती, आणि 1920 मध्ये नऊ लाखांहून जास्त कृष्णवर्णीय शेतकरी होते. आज ते पन्नास हजारांच्या आत आहेत. मग ती जमीन गेली कुठे?

बरीचशी कायद्याच्या वाटेने गेली, आणि ती वाट मराठी वाचकाला समजावून सांगायला फार शब्द लागणार नाहीत. सातबाऱ्यावर आजोबांचंच नाव, वारसनोंद झालेली नाही, वाटणी झालेली नाही, आणि भावंडं चार गावांत पांगलेली, तशी ही स्थिती. गोऱ्यांच्या न्यायालयांवर विश्वास नसल्यामुळे किंवा वकील परवडत नसल्यामुळे दक्षिणेतल्या अनेक शेतकऱ्यांनी मृत्युपत्र केलंच नाही. दोन पिढ्यांत एका शेताला तीस-चाळीस सहहिस्सेदार झाले, त्यातले निम्मे शिकागो नाहीतर डेट्रॉइटला. मग एखादा जमिनीचा व्यापारी त्यातल्या कुणा लांबच्या नातवाला गाठायचा, त्याचा इवलासा हिस्सा विकत घ्यायचा आणि न्यायालयात वाटणी मागायचा. एवढ्या हिश्शांत जमीन तोडता येत नाही म्हणून न्यायालय अख्ख्या शेताचा लिलाव पुकारायचं. बोलीला रोकड घेऊन हजर असायचा तोच व्यापारी. तिथे राहून शेती करणाऱ्या कुटुंबाच्या हातात पडायची किरकोळ रक्कम. 2010 मध्ये यावर एक आदर्श कायदा तयार झाला: आधी योग्य मूल्यांकन करायचं आणि तो हिस्सा घ्यायचा पहिला हक्क घरच्यांना द्यायचा. पुष्कळ राज्यांनी तो स्वीकारला, पण तोवर लाखो एकर गेले होते.

काही वेळा कायद्याचा एवढाही आडपडदा नव्हता. 1921 मध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटलेली पेठ गोऱ्या जमावाने दोन दिवसांत जाळून टाकली. पस्तीस चौकांतली घरं-दुकानं राख झाली, आणि विमा कंपन्यांनी दंगलीचं कलम दाखवून भरपाई नाकारली. कॅलिफोर्नियात विला आणि चार्ल्स ब्रूस या दांपत्याने 1912 मध्ये मॅनहॅटन बीच इथे समुद्रकाठचा एक प्लॉट 1,225 डॉलरला घेतला आणि कृष्णवर्णीय पर्यटकांसाठी छोटं विश्रामधाम सुरू केलं. धंदा चालला. 1924 मध्ये नगर परिषदेने बाग करायची म्हणून ती जागा सक्तीने संपादित केली. पाच वर्षांनी ब्रूस कुटुंबाला 14,500 डॉलर मिळाले, आणि जागा पुढे कित्येक दशकं ओसाड पडून राहिली. 2022 मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने ती त्यांच्या वंशजांना परत केली, आणि 2023 मध्ये त्यांच्याकडून ती पुन्हा विकत घेतली, जवळपास दोन कोटी डॉलरला. 14,500 आणि दोन कोटी यांच्यामध्ये जे काही आहे, ते तीन पिढ्यांना मिळालं नाही. त्यात किती पोरांचं शिक्षण, किती धंद्यांचं भांडवल होतं ते आता मोजता येणार नाही.

तरीही माझ्या मते दरीचा सर्वांत मोठा भाग विसाव्या शतकाच्या मध्यात पक्का झाला, आणि तो घरांमुळे. आज अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय कुटुंबाची मोठ्यात मोठी मालमत्ता म्हणजे त्याचं घर. हा मध्यमवर्ग आपोआप तयार झालेला नाही. 1930 च्या आधी घर घ्यायचं तर निम्मी किंमत रोख भरावी लागे आणि बाकीचं कर्ज पाच-दहा वर्षांत फेडावं लागे. मंदीत हे सगळं कोसळलं. 1934 मध्ये सरकारने फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ही संस्था काढली. बँकेने घरासाठी कर्ज दिलं आणि ते बुडालं, तर भरपाई ही संस्था देणार. त्यामुळे बँका वीस-पंचवीस वर्षांच्या मुदतीची, थोड्या डाउन पेमेंटची कर्जं बिनधास्त देऊ लागल्या. कारखान्यातल्या कामगाराला घर परवडू लागलं ते यामुळे.

पण हमी कुठल्या घराला द्यायची याचे नियम होते. वस्तीत वेगळ्या वर्णाचे लोक आले की घरांच्या किमती पडतात, असं संस्थेच्या नियमपुस्तिकेत गृहीत धरलं होतं. खरेदीखतातच ‘हे घर कृष्णवर्णीयांना विकणार नाही’ असं कलम घालावं, अशी शिफारसही होती. त्याच सुमारास दुसऱ्या एका सरकारी संस्थेने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे रंगवले: हिरवा, निळा, पिवळा, लाल. लाल म्हणजे कर्जाला धोकादायक. लाल पट्ट्यात गरीब गोरेही पुष्कळ राहत होते, पण कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळपास सगळ्याच लाल होत्या. हे नकाशे आज खूप प्रसिद्ध आहेत. माझ्या वाचनातून मात्र असं दिसतं की नकाशांपेक्षा कर्जहमीच्या नियमांनी जास्त घात केला.

दुसरं महायुद्ध संपल्यावर न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन ही वसाहत उभी राहिली. 1949 मध्ये तिथलं नवं घर 7,990 डॉलरला मिळत होतं. परत आलेल्या सैनिकांना जवळजवळ काहीच डाउन पेमेंट भरावं लागत नव्हतं. मात्र सुरुवातीच्या करारांत अट होती की गोऱ्यांखेरीज कुणाला तिथे राहू देणार नाही. नोकर म्हणून असेल तर गोष्ट वेगळी. त्या घरांच्या किमती आज लाखो डॉलरमध्ये आहेत. कृष्णवर्णीय सैनिकही त्याच युद्धात लढले होते, आणि माजी सैनिकांच्या 1944 च्या कायद्यात वर्णाचा उल्लेखही नव्हता. पण कर्ज मंजूर करणं स्थानिक बँकांच्या हातात होतं. 1947 मध्ये मिसिसिपीत या योजनेखाली घर, धंदा आणि शेतीसाठी 3,229 कर्जं दिली गेली. त्यातली कृष्णवर्णीयांना मिळाली दोन.

बँक कर्ज देत नसेल तर घर कसं घ्यायचं? शिकागोत याचा एक वेगळाच धंदा उभा राहिला. दलाल गोऱ्या मालकांना ‘वस्तीत ते लोक येताहेत’ असं सांगून घाबरवायचे, पडत्या भावात घर विकत घ्यायचे आणि दुप्पट किमतीला कृष्णवर्णीय कुटुंबाला हप्त्यांवर द्यायचे. खरेदीखत शेवटचा हप्ता भरल्यावर. तोवर घर विकणाऱ्याच्या नावावर, दुरुस्ती आणि कर मात्र घेणाऱ्याच्या माथी. एक हप्ता चुकला की कुटुंब रस्त्यावर, आधीचे सगळे हप्ते बुडीत, आणि घर पुढच्या गिऱ्हाइकाला. नवरा-बायको दोघं दोन-दोन पाळ्या करून हे हप्ते भरत. 1968 मध्ये लॉनडेल भागातल्या अशा कुटुंबांनी संघटना करून हप्ते रोखले आणि न्यायालयात लढले. ही माणसं उधळी नव्हती. शेजारच्या गोऱ्या कुटुंबापेक्षा जास्त पैसे ती घरावर खर्च करत होती आणि त्यातून त्यांच्या नावावर काहीच होत नव्हतं.

1968 मध्ये मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात घरांच्या व्यवहारातला वर्णभेद बंद करणारा कायदा झाला. दार उघडलं, पण आत भाव चढलेले होते. आजही गोऱ्या कुटुंबांपैकी शंभरात त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर स्वतःच्या घरात राहतात आणि कृष्णवर्णीयांपैकी सुमारे पंचेचाळीस. 2008 च्या आर्थिक संकटाआधी तर उलटाच प्रकार झाला. कर्ज मिळत होतं, पण महाग. कंट्रीवाइड या गृहकर्ज कंपनीने दोन लाखांहून जास्त कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (स्पॅनिश भाषिक देशांतून आलेल्या) ग्राहकांकडून तशाच पतीच्या गोऱ्या ग्राहकांपेक्षा जास्त शुल्क आणि व्याज घेतल्याचा आरोप सरकारने ठेवला, आणि 2011 मध्ये साडेतेहतीस कोटी डॉलरवर तडजोड झाली.

मग 1980 नंतर दरी पुन्हा का रुंदावली? त्याला मुख्यतः शेअर बाजार कारणीभूत आहे. घरापेक्षा शेअरच्या किमती फार वेगाने वाढल्या. शंभरातल्या सुमारे सहासष्ट गोऱ्या कुटुंबांकडे थेट किंवा निवृत्तीच्या फंडातून शेअर आहेत, कृष्णवर्णीयांत सुमारे एकोणचाळीस. ज्याच्याकडे घर आणि वर काही उरतं त्याचा पैसा बाजारात जातो. ज्याची सगळी पुंजी घरातच अडकली, त्याला त्या तेजीचा वाटा मिळत नाही.

इथे एक छोटं गणित करू. उदाहरण काल्पनिक आहे. एका कुटुंबाकडे सहा लाख डॉलर, दुसऱ्याकडे एक लाख. आजपासून सगळा भेदभाव संपला असं धरू. दोघांना सारखा पगार, दोघंही वर्षाला वीस हजार शिल्लक टाकतात, दोघांनाही पाच टक्के परतावा मिळतो. तीस वर्षांनी पहिल्याकडे सुमारे 39 लाख 20 हजार होतात, दुसऱ्याकडे 17 लाख 60 हजार. सहापट होतं ते सव्वादोनपट झालं, ही मोठी प्रगती. पण रुपयांच्या, म्हणजे इथे डॉलरच्या भाषेत अंतर पाच लाखांवरून 21 लाख 60 हजारांवर गेलं. हे केवळ कागदावरचं नाही. 2019 ते 2022 या काळात कृष्णवर्णीय कुटुंबाची मध्यक संपत्ती, महागाई वजा करून, साठ टक्क्यांहून जास्त वाढली. गोऱ्यांची वाढली सुमारे तीस टक्के. तरीही दोघांतलं अंतर जवळपास पन्नास हजार डॉलरने वाढलं. सारखी वागणूक आवश्यक आहेच, पण तेवढ्याने हा हिशेब मिटायला पिढ्यांमागून पिढ्या जातील.

शिवाय पगारही अजून सारखे नाहीत. 2004 साली दोन अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बॉस्टन आणि शिकागोतल्या जाहिरातींना त्यांनी सुमारे पाच हजार अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त काहींवर गोऱ्यांत आढळणारी नावं, काहींवर कृष्णवर्णीयांत आढळणारी. गोऱ्या नावांना पन्नास टक्के जास्त फोन आले. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये दाखवलं की सारख्या उत्पन्नाच्या घरांत, एकाच वस्तीत वाढलेल्या मुलांतही कृष्णवर्णीय मुलगे मोठेपणी गोऱ्या मुलग्यांपेक्षा कमी कमावतात. मुलींच्या स्वतःच्या कमाईत हा फरक जवळपास दिसत नाही. म्हणजे ‘घरचं वातावरण’ हे कारण पुरत नाही. एकाच घरातल्या भाऊ-बहिणीचं वातावरण वेगळं कसं असेल?

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत या विषयावर एक प्रश्न हमखास निघतो: आम्ही दोन बॅगा घेऊन आलो, तीस वर्षांत घर केलं, मुलांना शिकवलं, मग ते चारशे वर्षं इथे असून का नाही? त्या माणसांचे कष्ट खरे आहेत, म्हणून प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. अमेरिकेतल्या भारतीय कुटुंबांचं मध्यक उत्पन्न दीड लाख डॉलरच्या आसपास आहे, गोऱ्यांपेक्षाही खूप जास्त. पण तिथे गेले कोण? भारतातून डॉक्टर आणि इंजिनिअर गेले, ज्यांचं शिक्षण बरंचसं सरकारी अनुदानावर, इथल्या करदात्याच्या पैशावर झालं होतं. त्यातले बहुतांशी वरच्या जातींतल्या, आधीच दोन-तीन पिढ्या शिकलेल्या घरांतले. बॅगा दोन असल्या तरी डिग्री सोबत होती. निवडून आलेल्या गटाची तुलना अख्ख्या समाजाशी होऊ शकत नाही.

आणि दार कोणी उघडलं? 1946 नंतर भारतीयांचा वार्षिक कोटा होता शंभर जणांचा. तो निघाला 1965 च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो कायदा नागरी हक्क चळवळीच्या लाटेवर आला. 1964 मध्ये नागरी हक्क कायदा, 1965 च्या ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा, ऑक्टोबरमध्ये हा. मतदानाच्या हक्कासाठी अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांच्या लढ्याशिवाय न्यू जर्सीतल्या एडिसनमधला गणेशोत्सव उभा राहिला असता असं मला वाटत नाही.

उपाय काय, यावर अमेरिकेत खूप मतभेद आहेत. 1988 मध्ये दुसऱ्या महायुद्धात डांबलेल्या जपानी-अमेरिकनांना माणशी वीस हजार डॉलर आणि सरकारची माफी मिळाली. गुलामगिरीच्या भरपाईचा नुसता अभ्यास करा, एवढंच सांगणारं विधेयक 1989 पासून संसदेत मांडलं जातंय आणि मंजूर झालेलं नाही. शिकागोशेजारच्या इव्हान्स्टन शहराने 2021 मध्ये स्वतःपुरतं पाऊल उचललं: 1919 ते 1969 या काळात तिथे राहिलेल्या कृष्णवर्णीयांना किंवा त्यांच्या वंशजांना घरासाठी 25 हजार डॉलर, गांज्यावरच्या विक्रीकरातून.

मला जास्त आशा वाटते ती कनेक्टिकट राज्याच्या योजनेबद्दल. 1 जुलै 2023 पासून सरकारी आरोग्यविम्यावर असलेल्या गरीब घरात जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या नावाने राज्य 3,200 डॉलर गुंतवतं. अठरा ते तीस वयात ती वाढलेली रक्कम मिळते, पण ती शिक्षण, घर, धंदा किंवा निवृत्तीच्या बचतीसाठीच वापरायची. यात वर्ण पाहिला जात नाही, पण गरिबांत कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांचं प्रमाण जास्त असल्याने लाभ तिकडे जास्त जातो. राज्याच्या अंदाजाने अठराव्या वर्षी हे सुमारे 11 हजार डॉलर होतील. 45 हजारांची मध्यक संपत्ती असलेल्या घरातल्या मुलाला ते थोडे नाहीत, आणि 2 लाख 40 हजारांच्या दरीपुढे ते फार थोडे आहेत. पहिली मुलं हे पैसे 2041 मध्ये घेतील.